नोकरी सांभाळून लाइव्ह: उसन्या अवसानाचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर ती इथेच लक्षात येईल. तुम्ही डोंबिवलीत राहता आणि लोअर परळला एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये काम करता. सकाळी आठला घर सोडता, रात्री साडेआठला परतता. गेले आठ महिने सोमवार ते शुक्रवार रात्री दहा ते एक या वेळात यूट्यूबवर मराठीतून व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ थेट प्रक्षेपित करत खेळता. सरासरी आठ प्रेक्षक असतात आणि सबस्क्रायबर ६४० झाले आहेत. अलीकडे लाइव्ह जाण्याचे बटण दाबण्यापूर्वी पोटात गोळा येतो, पण एक दिवस चुकला तर जमलेली माणसे निघून जातील अशी भीतीही वाटते. थकवा येऊ नये म्हणून वेळापत्रक कसे आखावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझीही ओळख सांगतो, कारण पुढचे सगळे माझ्या अनुभवावरच उभे आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पहिली पाळी, कंपनीची बस पहाटे पाच वाजून पंचवीस मिनिटांनी, साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. २०२० च्या टाळेबंदीत समय रैना आणि नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यासारख्या मंडळींनी यूट्यूबवर बुद्धिबळाला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. तेव्हा मराठीतून डाव समजावून सांगणारे फारसे कोणी मला दिसले नाही, म्हणून त्या जूनमध्ये मी सुरुवात केली. आज माझे चॅनेल लहानच आहे, पण ते चालू आहे. मध्ये एकदा ते जवळजवळ कायमचे बंद पडले होते आणि त्याची कारणे तुमच्या प्रश्नाशी थेट जुळतात.

तुम्ही वेळापत्रक विचारले आहे, पण तुमची अडचण त्याच्याही आधीची आहे. एक वाजता स्ट्रीम संपली की दोनच्या आत झोप लागत नसणार, आणि आठला घर सोडायचे तर पावणेसातला उठणे भाग आहे. म्हणजे रात्रीची झोप पावणेपाच तास. प्रौढ माणसाने नियमितपणे किमान सात तास झोपावे, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१५ मध्ये सांगितले आहे. त्या मापाने तुमची रोजची तूट सव्वादोन तासांची आणि पाच रात्रींची मिळून अकरा तासांहून अधिक होते, आणि ती शनिवारी-रविवारी उशिरापर्यंत लोळून भरून निघत नाही. तासांची मांडणी इकडची तिकडे केल्याने ही वजाबाकी बदलणार नाही. आठवड्यातून पाच रात्री तीन तास, ही गोष्ट तुमच्या नोकरीच्या आणि लोकलच्या वेळांत बसतच नाही. आठ महिने ती बसवलीत, याबद्दल तुम्ही स्वतःला आळशी समजण्याऐवजी चिवट समजायला हवे.

शिवाय तुम्ही पंधरा तास मोजता, पण खरे तास किती होतात ते एकदा वहीत लिहून पाहा. मी लिहिले होते. थंबनेल आणि शीर्षक करणे, माइकचा आवाज तपासणे, ओबीएस हे स्ट्रीमिंगचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यामुळे बिघडलेले दृश्य पुन्हा जुळवणे, स्ट्रीम संपल्यावर क्लिप कापणे, प्रतिक्रियांना उत्तरे देणे आणि सर्वांत शेवटी डोक्यातला गोंगाट ओसरेपर्यंत छताकडे पाहत पडून राहणे, हे सगळे धरले तर माझ्या दोन तासांच्या स्ट्रीमला साडेतीन तास लागत होते. तुमचे पंधरा तास पंचवीसच्या आसपास असतील, असा माझा अंदाज आहे. ही अर्ध्या नोकरीइतकी नोकरी झाली, आणि तिला रजेचा नियमही नाही.

आता भीतीचा भाग. यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओंची ४००० तास पाहणी (वॉच टाइम) लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तुमचेच आकडे घेऊ. आठ प्रेक्षक गुणिले तीन तास म्हणजे एका स्ट्रीमचे २४ तास, आठवड्याचे १२० आणि आठ महिन्यांचे चार हजारांच्या आसपास. रेकॉर्डिंग सार्वजनिक ठेवले असेल तर तासांची अट तुम्ही जवळपास पूर्ण केली आहे. अडले आहे ते सबस्क्रायबरांपाशी. आणि तेच आठ लोक रोज तीन तास बसल्याने पाहणीचे तास वाढतात, सबस्क्रायबर वाढत नाहीत. नवा माणूस बहुधा लहान व्हिडिओतून किंवा दुसऱ्याच्या चॅनेलवरून येतो. रात्री साडेबाराला तुमच्या तिसऱ्या तासात अनोळखी माणूस सहसा शिरत नाही. म्हणजे ज्या तासांनी तुमची झोप जाते, ते तुम्हाला हवे ते मिळवून देत नाहीत. हे कळायला मला चार वर्षे लागली, तुम्ही आठ महिन्यांत विचारलेत हे बरे झाले.

माझ्यावर ती वेळ एप्रिल २०२४ मध्ये आली. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी बुद्धिबळाची कँडिडेट्स स्पर्धा टोरांटोत होती. खुल्या गटात गुकेश, प्रज्ञानंद आणि विदित, महिला गटात हम्पी आणि वैशाली. इतके भारतीय, त्यात एक आपल्या नाशिकचा, आणि मराठीत समालोचन करावे असे मला मनापासून वाटत होते. अडचण एकच होती. तिथले डाव दुपारी अडीचला सुरू होत आणि आपल्याकडे तेव्हा बरोबर मध्यरात्रीचे बारा वाजत. चौदा फेऱ्या, मध्ये चार विश्रांतीचे दिवस. मी एका सहकाऱ्याशी बोलून पहिलीऐवजी दुसरी पाळी घेतली. रात्री साडेअकराला कारखान्यातून सुटायचे, सव्वाबाराला घरी पोहोचून तोंडावर पाणी मारायचे आणि पहाटे पाचपर्यंत बोलायचे, असा क्रम ठरवला. दुसऱ्या फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराला हरवले, त्या रात्री माझ्याकडे कधी नव्हती इतकी माणसे जमली होती. शेवटच्या फेरीत गुकेशला गाठू शकणाऱ्या कारुआना आणि नेपोम्नियाश्ची यांचा डाव १०९ चालींपर्यंत लांबला आणि तो बरोबरीत सुटताच सतरा वर्षांचा गुकेश नऊ गुणांसह एकटा पहिला ठरला. खिडकीबाहेर उजाडले होते, आई देवपूजेची तयारी करत होती आणि मी घसा बसलेला असताना चॅटमध्ये ‘उद्या संध्याकाळपासून रोज भेटू’ असे सांगून मोकळा झालो.

चूक ती होती. अठरा दिवसांच्या त्या धावपळीने मी थकलो होतो, पण ती धावपळ मला आवडली होती आणि आठवडाभर झोप काढली असती तर मी सावरलोही असतो. मात्र ज्या स्पर्धेला शेवटची तारीख होती, तिच्या जोमावर मी तारीखच नसलेले वचन देऊन बसलो. दुसऱ्या संध्याकाळी ओबीएस उघडले, माइक लावला आणि बटण दाबू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी दाबले, दीड तास हसतखेळत बोललो आणि नंतर रेकॉर्डिंग पाहिले तर तो माणूस मला ओळखू येईना. त्याच्या बोलण्यातला प्रत्येक उत्साह उसना होता. हे उसने अवसान कॅमेऱ्यापुढे तासभर टिकते, पण त्याची फेड दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी करावी लागते. त्याच आठवड्यात मी एका तपासणी अहवालात एक माप चुकीचे भरले. पुढच्या टेबलावर ते पकडले गेले म्हणून निभावले, पण घरी येताना बसमध्ये मला घाम फुटला होता. त्यानंतर तीन आठवडे मी चॅनेलकडे फिरकलो नाही आणि कोणाला काही कळवलेही नाही. कळवले नाही याचीच अधिक लाज वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात जागा दिली, तीही आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. दुसऱ्या खुणेला मराठीत आपण पाट्या टाकणे म्हणतो. माझ्या अनुभवात ती खूण सर्वांत आधी दिसते, थकव्याच्याही आधी. चॅटमध्ये ओळखीचे नाव आले की ‘हा आज पुन्हा तेच विचारणार’ असे मनात येऊ लागले, तर घंटा वाजली असे समजा. तुम्ही पोटात गोळा येण्याबद्दल लिहिले आहे, प्रेक्षकांबद्दल मात्र प्रेमानेच लिहिले आहे, म्हणून तुम्ही अजून वेळेत आहात असे मला वाटते.

आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस ती कोणाच्या तरी गळ्यात असते. पण ती एकाच्याच गळ्यात नसते. पहारे लावलेले असतात, दोन-दोन तासांनी वीणेकरी बदलतो, आणि आठव्या दिवशी काला होऊन सगळे घरी जातात. आपण एकट्याने स्ट्रीम करणारे लोक मात्र वीणा गळ्यात घालून उभे राहतो, पहारा बदलणारा कोणी ठेवत नाही आणि काल्याचा दिवसही ठरवत नाही. मी नंतर या दोन्ही गोष्टी ठरवल्या. आता माझे चॅनेल हंगामांत चालते: आठ आठवडे स्ट्रीम, दोन आठवडे बंद. बंदची तारीख हंगामाच्या पहिल्याच दिवशी जाहीर होते, त्यामुळे ती सुट्टी कोणाला पळ काढल्यासारखी वाटत नाही, मलाही नाही. आणि महिन्यातून एक स्ट्रीम सांगलीचा माझा एक बुद्धिबळप्रेमी मित्र त्याच्या घरून चालवतो. मी त्या दिवशी प्रेक्षक असतो, किंवा तोही नसतो.

आता वेळापत्रकाकडे येतो. माझा नियम एकच आहे आणि तो थोडा निराशाजनक वाटेल: आपल्या सर्वांत वाईट आठवड्याला जेवढे झेपते, तेवढेच जाहीर करावे. आपण वेळापत्रक ठरवतो ते बहुधा एखाद्या रविवारी दुपारी, झोप झालेली असताना, आणि ते पाळायची वेळ येते ती ३१ मार्चच्या आठवड्यात किंवा जुलैतल्या अशा एखाद्या रात्री, जेव्हा रुळांवर पाणी साचून लोकल ठाण्याला तासभर उभी असते. त्या आठवड्यात तुम्ही किती वेळा लाइव्ह जाऊ शकला असतात? माझ्या मते एकदा, शुक्रवारी रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. मग जाहीर करायची ती तेवढीच एक. दुसरी रविवारी सकाळी करावीशी वाटली तर जरूर करा, पण ती जाहीर करू नका. जाहीर न केलेली स्ट्रीम चुकत नाही आणि केली तर प्रेक्षकांना ती भेट वाटते.

या नियमाचे फळ मला त्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्येच मिळाले. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा सामना २५ नोव्हेंबरपासून सिंगापूरला झाला. डाव आपल्या दुपारी अडीचला सुरू होत, म्हणजे माझी पाळी संपायच्या अर्धा तास आधी. मी फक्त बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी डावांचा आढावा घेणार असे सांगितले होते आणि तेवढेच केले. चौदावा डाव १२ डिसेंबरला आला, तो नेमका गुरुवार, माझी सुट्टी. सकाळी भरपूर झोपलो होतो, जेवण झाले होते, मन म्हणाले म्हणून कोणतीही घोषणा न करता लाइव्ह गेलो. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला, ज्या चुकीने डाव आणि जगज्जेतेपद गुकेशकडे गेले, तेव्हा मी काही क्षण गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यात काही उसने नव्हते.

प्रेक्षक कमी होतील का? काही होतील, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. अमेरिकेतल्या निन्जासारख्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या स्ट्रीमरनेही जून २०१८ मध्ये जाहीरपणे म्हटले होते की दोन दिवसांपेक्षा कमी काळ दूर राहिलो तर ट्विच या स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळावरचे चाळीस हजार सशुल्क सबस्क्रायबर गेले. पण त्याचे ते पूर्णवेळ काम होते आणि तुमचे नाही, हा फरक तुमच्या बाजूचा आहे. माझ्याकडे पाच दिवसांची स्ट्रीम दोन दिवसांवर आली तेव्हा पहिला महिना ओसाड गेला. नंतर पाच दिवसांत विखुरलेली माणसे दोन दिवसांत एकत्र येऊ लागली आणि चॅट अधिक बोलकी झाली. रविवारची वेळ मी संध्याकाळी साडेपाच ठेवली, त्यामुळे न्यू जर्सीच्या दोन कुटुंबांना ती उन्हाळ्यात सकाळी आठला मिळते आणि लंडनच्या एका काकांना दुपारी जेवणाच्या वेळी. रात्री अकराशिवाय प्रेक्षक मिळत नाही, हे मराठी चॅनेलच्या बाबतीत मी तरी पूर्ण खरे मानत नाही. तुमच्या खेळाचा प्रेक्षक तरुण आहे, कॉलेजातला आहे, तेव्हा तुमचे गणित थोडे वेगळे असू शकते. पण रविवारी सकाळी अकरा ही वेळ एकदा दोन महिने करून पाहावी.

सुरू होण्याच्या वेळेपेक्षा संपण्याची वेळ कडकपणे पाळा. ‘एक शेवटचा’ या दोन शब्दांनी जितकी झोप खाल्ली आहे, तितकी कॉफीने खाल्ली नसेल. बुद्धिबळात शेवटच्या पंधरा मिनिटांत नवा डाव लावायचा नाही एवढे पुरते, कारण ब्लिट्झचा, म्हणजे झटपट खेळायचा डाव दहा मिनिटांत आटोपतो. तुमच्याकडे स्पर्धात्मक सामना पस्तीस-चाळीस मिनिटे चालतो आणि मध्येच सोडला तर खेळ तुम्हाला दंड करतो. म्हणून साडेअकराला थांबायचे असेल तर पावणेअकरानंतर नवा सामना लावायचा नाही. उरलेला वेळ आधीच्या सामन्याचे रेकॉर्डिंग पाहत, गप्पा मारत काढायचा. हरल्यावर तर हा नियम दुप्पट पाळा. रेटिंग परत मिळवण्यासाठी लावलेला सामना आपण प्रेक्षकांसाठी लावला, अशी मनाची समजूत घालणे फार सोपे असते. मी स्वतःला ती शेकडो वेळा घातली आहे.

घशाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कान हेडफोनने झाकले आणि त्यात खेळाचा आवाज भरला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. उलट, घरात सगळे झोपलेले असतील तर आपण दबक्या, घोगऱ्या आवाजात तीन तास बोलतो आणि तेही घशाला तितकेच जाचते. तुमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेबाराला हे दोन्ही एकाच वेळी होत असणार. उपाय साधा आहे. माइक किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये स्वतःचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असेल तर ती सुरू करा. ओबीएसमधून ऐकू नका, तिथे आवाज किंचित उशिरा येतो आणि जीभ अडखळते. खेळाचा आवाज निम्मा करा. माझ्या बाबतीत सकाळची डोकेदुखी एवढ्यानेच बरीच कमी झाली, आणि पत्नीच्या तक्रारीही.

प्रेक्षकांचा आकडा नजरेसमोर ठेवू नका. चॅट वेगळ्या खिडकीत उघडा आणि नियंत्रणाचे मूळ पान मागे ढकलून द्या. मी पहिले काही आठवडे मॉनिटरच्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती, कारण नजर सवयीने तिथेच जात असे. आकडा अकरावरून सातवर आला की आपण आवाज चढवतो, विनोद ओढूनताणून करतो, आणि गेलेल्या चौघांपैकी एखादा जेवायला उठला असेल हे आपल्या ध्यानात येत नाही. विश्लेषणाचे पान आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी पाहावे. रोज पाहण्यासारखे त्यात काही नसते.

मग उरतात ती माणसे, आणि हा भाग मला सर्वांत जड गेला. लहान चॅनेलचा प्रेक्षक मोठ्या चॅनेलच्या प्रेक्षकासारखा नसतो. त्याला तुमचे नाव माहीत असते, तुम्हाला त्याचे. परीक्षेत नापास झालेला मुलगा, नुकतीच नोकरी गेलेले गृहस्थ, घरी एकटे असणारे निवृत्त शिक्षक माझ्या चॅटमध्ये येत आणि स्ट्रीम संपल्यावरही बोलू पाहत. मी नव्वद जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्यात सकाळच्या फुलांपासून रात्री दोनच्या ‘सर, जागे आहात का’पर्यंत सगळे येई, आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये डबा खाताना मी त्यांना उत्तरे देत बसे. शेवटी मी तो ग्रुप बंद केला. दोघे नाराज झाले, एकाने खरमरीत लिहिले, बाकीचे बुधवारी नेहमीप्रमाणे आले. आता बोलणे स्ट्रीमवर आणि व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत होते, खासगी क्रमांक कोणाला दिलेला नाही. जुन्या प्रेक्षकांपैकी दोघांना मॉडरेटर केले आहे, अपशब्दांची मराठी यादी अडवण्याच्या शब्दांत घातली आहे (ती यादी करताना आपल्या भाषेच्या समृद्धीचा वेगळाच साक्षात्कार झाला), आणि गर्दी झाली की स्लो मोड लावतो, म्हणजे एकाला लागोपाठ संदेश टाकता येत नाहीत. एखादा माणूस खरोखर संकटात आहे असे वाटले तर त्याला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देतो. ती केंद्र सरकारची चोवीस तास चालणारी मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. त्याहून अधिक मी करू शकत नाही, आणि करू पाहतो तेव्हा मी वाईट समुपदेशक आणि वाईट स्ट्रीमर असा दोन्ही होतो.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. स्ट्रीमचे पैसे घरखर्चात धरू नका. सुपर चॅटमधला, म्हणजे प्रेक्षक पैसे देऊन टाकतात त्या संदेशांतला, साधारण सत्तर टक्के भाग आपल्याला मिळतो, पण तो येईलच असे समजून ग्राफिक कार्ड हप्त्यांवर घेतले की आजारी असतानाही बटण दाबावे लागते. माझ्याकडे जे येते ते वेगळ्या खात्यात राहते आणि त्यातूनच माइक, इन्व्हर्टर, खुर्ची असे काही घेतो. उत्पन्न सुरू होण्यापूर्वी आपले नेमणूकपत्रही एकदा वाचा. २०२२ मध्ये आयटी क्षेत्रात मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरी सांभाळून दुसरे काम करण्यावरून, जो गदारोळ झाला, त्यानंतर बऱ्याच कंपन्या याकडे बारकाईने पाहतात. सरकारी नोकरांना तर पूर्वपरवानगीचे नियम आहेतच. लेखी विचारून ठेवलेले बरे, कारण साहेबांना कळेल का ही धास्तीही रोज थोडी थोडी शक्ती खात असते.

माझ्या या सल्ल्यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही एकटे राहत असाल, घरून काम करत असाल किंवा हे पैसे खरोखरच घराला लागत असतील, तर एक दिवसाची मर्यादा तुम्हाला परवडणार नाही. पण पैसे हाच हेतू असेल तर स्ट्रीमपेक्षा शिकवणी किंवा व्हिडिओ संपादनाची कामे तेवढ्याच तासांत अधिक देतात, असे माझे निरीक्षण आहे. दुसरे असे की थकवा स्ट्रीमचा आहे की नोकरीचा, हे बाहेरून मला सांगता येणार नाही. त्यासाठी दहा दिवस पूर्ण बंद ठेवून पाहा, लाइव्हही नाही आणि क्लिपही नाहीत. या दहा दिवसांत खेळ स्वतःसाठी खेळावासा वाटला तर तुमचे वेळापत्रकच चुकले होते. खेळ नकोसा झाला आणि लोकांशी बोलण्याची मात्र ओढ लागली, तर खेळ बदलून पाहा. आणि झोप मिळूनही झोप लागत नसेल, भूक गेली असेल, ऑफिस, घर, मित्र कशातच मन लागत नसेल, तर हा स्ट्रीमचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा, आणि वरचा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

ही दहा दिवसांची सुट्टी जाहीर कशी करावी, हे शेवटचे. माझ्यासारखे गुपचूप गायब होऊ नका. दोन वाक्ये पुरतात: ‘शुक्रवारच्या स्ट्रीमनंतर दहा दिवस चॅनेल बंद आहे. त्यानंतर दर शुक्रवारी रात्री साडेनऊ ते साडेअकरा भेटू.’ कारणे देऊ नका, माफी मागू नका, कारण माफी मागितली की आठही जण समजूत घालायला लागतात आणि तुम्ही सुट्टी सात दिवसांवर आणता. घोषणा स्ट्रीमच्या सुरुवातीला करा आणि चॅटच्या वर पिन करून ठेवा. शेवटी करायची ठरवलीत तर साडेअकराला एखादा सामना रंगात आलेला असेल, आणि घोषणा राहून जाईल.